मृत्यू नावाची बाई

'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' भारतात लागला २७ एप्रिल २०१८ रोजी. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि प्रोजेक्टचा रिपोर्ट अर्धा लिहून पडला होता. तरी आम्ही चौघं दोन बाइक काढून कर्जतहून पनवेलला गेलो. या वाटेवर चौक यायच्या आधी उजव्या हाताला इरशाळगड दिसायला लागतो. सुळक्यातलं नेढं आधी जवळून पाहिलेलं असेल तर लांबूनही सापडतं. पावसाळा सरला की आमची एक फेरी तिथे ठरलेली असे. गडाच्या आधी इरशाळवाडी लागते, तिथे एका ठाकर बाईंच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खायची आणि मग वर चढायचं. त्या दिवशी मात्र गडाकडे कोणी पाहिलं नाही, शो गाठायचा होता.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. थॅनॉस नावाचा एक जांभळा राक्षस सहा मणी गोळा करतो, हातमोज्यात बसवतो, चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव राख होऊन उडून जातात. एरवी प्रत्येक एंट्रीला शिट्ट्या मारणारं थिएटर शेवटी गप्प झालं होतं. परतताना चौकला चहा पिताना एकजण म्हणाला, "पण त्याचं चुकतंय कुठे? गर्दी बघ ना किती झालीय." आम्ही हसलो, उत्तर कोणीच दिलं नाही. खरं सांगायचं तर आम्हाला ते थोडंफार पटलंच होतं. कर्जतच्या लोकलमध्ये आपल्याला बसायला मिळतं, पण बदलापूर, अंबरनाथ मागे पडेपर्यंत डब्याचं जे काही होतं, ते रोज पाहणाऱ्या माणसाला 'निम्मे' हा शब्द तितकासा भयंकर वाटत नाही.

पुढे नोकरी लागल्यावर तेच दोन तास हाताशी आले आणि मी मूळ कॉमिक्स वाचायला घेतली. थॅनॉस ज्याने जन्माला घातला त्या जिम स्टार्लिनची जवळजवळ सगळी महत्त्वाची पुस्तकं मी कर्जत आणि ठाण्याच्या मधे वाचली आहेत. वाचताना आधी लक्षात आलं ते हे, की आमच्या मित्राचा प्रश्न स्टार्लिनच्या थॅनॉसला लागूच होत नाही. त्याच्या थॅनॉसला गर्दीची चिंता नाही. तो प्रेमात पडलेला आहे.

पण त्याआधी थोडं मागे जायला हवं.

आपल्याकडे मराठीत कॉमिक्स म्हणजे इंद्रजाल. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४मध्ये ती सुरू केली आणि १९९०पर्यंत चालवली. माझ्या वडिलांच्या पिढीने वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन मराठीतून वाचले. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत त्यातले वीस-बावीस अंक अजून आहेत, काहींना मुखपृष्ठ नाही. यातला फ्लॅश गॉर्डन अंतराळात जायचा, पण ते अंतराळ नुसतं लांबचं गाव होतं. मोंगो ग्रहावरही राजे, राजकन्या, तलवारी आणि जंगलंच. वेताळाची गंमत वेगळी. तो अमर आहे असं जंगलातले लोक मानतात, पण वाचकाला माहीत असतं की तो मरतो, त्याचा मुलगा तोच पोशाख चढवतो आणि कवटीच्या गुहेत एक थडगं वाढतं. मृत्यू तिथे आहे, पण हिशेबात बसवलेला, एका घराण्याने सांभाळून घेतलेला.

अमेरिकेत साठच्या दशकात जॅक कर्बी नावाच्या चित्रकाराने अंतराळाचं हे लांबचं गावपण मोडलं. 'फँटॅस्टिक फोर'च्या १९६६मधल्या ४८ ते ५० या अंकांत त्याने आणि स्टॅन लीने गॅलॅक्टस आणला. ग्रह खाणारा, पण त्यात दुष्टावा नसलेला. आपण मुंगीचा विचार जितका करतो तितकाच तो माणसाचा करतो. पुढे कर्बी मार्व्हल सोडून डीसीत गेला, १९७१मध्ये त्याने 'न्यू गॉड्स' काढलं, त्यात डार्कसाइड हा खलनायक रंगवला. देवांची अख्खी नवी पिढी त्याने यंत्रं, ठिणग्या आणि काळ्या ठिपक्यांच्या झोतांसकट कागदावर उतरवली. कर्बीचं पान पाहिलं की आपण लहान होतो. कॉस्मिक कॉमिक्सना भव्यता दिली ती त्याने, त्यात स्टार्लिनचा वाटा नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण सिनेमांनंतर सगळंच श्रेय एका नावावर टाकायची लोकांना घाई झाली आहे.

स्टार्लिनचा जन्म १९४९चा, डेट्रॉइटमधला. व्हिएतनामच्या काळात तो अमेरिकन नौदलात फोटोग्राफर होता. सुटून आल्यावर कॉलेजात त्याने मानसशास्त्राचा वर्ग घेतला आणि तिथे थॅनॉस सुचला. नाव थानाटोसवरून, म्हणजे ग्रीकांचा मृत्यू. फ्रॉइडच्या परंपरेत मृत्यूप्रेरणेला हेच नाव पडलं. त्याची पहिली रेखाटनं होती कर्बीच्या मेट्रॉन नावाच्या पात्रासारखी, बारीक अंगाची. संपादक रॉय थॉमसने ती पाहून सांगितलं की उचलायचंच आहे तर चांगलं तरी उचल, डार्कसाइड घे, याला अंगाने भरव. म्हणजे थॅनॉस ही उघड उघड उचलेगिरी होती आणि ती संपादकाच्या सल्ल्याने सुधारलेली होती. मला हा किस्सा फार आवडतो. आमच्या धंद्यातही कोणी कोरी फाइल उघडून सुरुवात करत नाही.

'आयर्न मॅन'च्या ५५व्या अंकात, मुखपृष्ठावरच्या तारखेप्रमाणे फेब्रुवारी १९७३मध्ये, थॅनॉस पहिल्यांदा आला. त्याच अंकात त्याला मारण्यासाठी घडवलेला ड्रॅक्सही आला. लगेच स्टार्लिनच्या हाती 'कॅप्टन मार्व्हल' हे पडेल खपाचं मासिक दिलं गेलं. हा कॅप्टन मार्व्हल म्हणजे मार-व्हेल, क्री नावाच्या परग्रहवासीयांचा सैनिक. पडेल मासिकाचा फायदा असा की तिकडे कोणी बारीक लक्ष ठेवत नाही. २५व्या अंकापासून पुढे दीडेक वर्ष स्टार्लिनने तिथे हवं ते केलं. २९व्या अंकात त्याने या सैनिकाला लढायचं थांबवून स्वतःच्या आत बघायला लावलं आणि त्याला एक नवीन शक्ती दिली. तिला मराठीत विश्वभान म्हणता येईल. मुठी आवळण्याऐवजी सगळं जाणवणं, ही त्या काळच्या सुपरहिरोसाठी चमत्कारिक शक्ती होती. नौदलातून परतलेल्या चोवीस वर्षांच्या पोराला सैनिकाचं असं काहीतरी करावंसं वाटलं, यात मला आश्चर्य वाटत नाही.

आणि याच मालिकेत ती बाई आली. झग्यातली, टोपड्याआड चेहरा झाकलेली, थॅनॉसच्या शेजारी नुसती उभी राहणारी. ती मृत्यू. थॅनॉस जे काही करतो ते तिच्यासाठी. ग्रह जिंकायचा तो तिला द्यायला, तारे विझवायचे ते तिच्या पायाशी ठेवायला. ती त्याच्याशी बोलत नाही.

आता हे किती साधं आहे बघा. विश्व गिळायला निघालेला राक्षस आणि त्याच्या मागे कारण काय, तर एका बाईने बघावं. कॉलेजच्या कट्ट्यावर ज्याला आम्ही 'एकतर्फी' म्हणायचो तेच. कर्बीच्या देवांसमोर आपण लहान होतो. स्टार्लिनच्या थॅनॉसकडे पाहताना आपल्याला आपल्या ओळखीचा कोणीतरी आठवतो आणि मग भीती वाटते. अंतराळाच्या गोष्टींना स्टार्लिनने दिलं ते हे. त्याने मृत्यूला त्या अफाट पोकळीत नेलं आणि तिथेही तो खासगीच ठेवला.

१९७५मध्ये त्याने अ‍ॅडम वॉरलॉक हे बाजूला पडलेलं पात्र उचललं. वॉरलॉकच्या कपाळावर आत्मा शोषणारा मणी असतो, पुढच्या सहा मण्यांतला हाच पहिला. त्याची गाठ एका धर्मसत्तेशी पडते. हजारो ग्रहांवर राज्य करणारी, प्रश्न विचारणाऱ्यांना संपवणारी ही सत्ता, आणि तिचा देव मेगस म्हणजे भविष्यातला वॉरलॉक स्वतःच निघतो. देव व्हायचं टाळायचं तर स्वतःचं भविष्य मारायला हवं. तो ते मारतोही. शाळेच्या वयातल्या मुलांसाठी छापल्या जाणाऱ्या, स्वस्त कागदावरच्या मासिकात हे चाललं होतं. याच मालिकेत एका अंकात त्याने मार्व्हलच्या ऑफिसचीच टर उडवली. विदूषकांची फौज कचऱ्याचा मनोरा रचत असते, मधूनच त्यात एखादा हिरा सापडतो, आणि मनोरा सारखा कोसळतो. वरच्या लोकांची नावंसुद्धा अक्षरं उलटसुलट करून घातली होती. ते छापूनही आलं. आमच्याकडे इतकं कोणी रिलीज नोट्समध्ये लिहिलं असतं तर दुपारपर्यंत एचआरचा फोन आला असता.

गॅमोरा याच मालिकेतली, १९७५ची. ड्रॅक्स, गॅमोरा, वॉरलॉक ही मंडळी पुढे तीस-पस्तीस वर्षं इकडेतिकडे फिरत राहिली. डॅन अ‍ॅबनेट आणि अँडी लॅनिंग या जोडीने २००८मध्ये त्यांना इतरांच्या काही पात्रांबरोबर एकत्र बांधलं, 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' नव्याने उभं केलं आणि २०१४मध्ये त्यावरून सिनेमा आला. म्हणजे आज पडद्यावर अंतराळातले महानायक विनोद करताना, रडताना, बापाचा राग काढताना दिसतात, त्यातले बरेच जण एका माणसाच्या टेबलावरून उठून आले आहेत.

आता चुटकीकडे येऊ. थॅनॉस १९७७मध्ये मारला गेला होता. १९९०मध्ये 'सिल्व्हर सर्फर'च्या ३४व्या अंकात स्टार्लिनने त्याला परत आणलं, आणि परत आणते ती मृत्यूच. कारण असं की आजवर जितके जीव मेले त्याहून जास्त आता जिवंत झाले आहेत, पारडं फिरलं आहे, ते सारखं कर. म्हणजे लोकसंख्येचा मुद्दा मुळात आहे, पण तो त्याचा नाही, तिचा आहे. त्याला तर फक्त कामगिरी मिळाल्याचा आनंद. तो सहा मणी मिळवतो आणि इथे स्टार्लिनची खरी मेख आहे: सर्वशक्तिमान झाल्यामुळे आता तो तिच्याहून वरचा झाला, त्यामुळे ती पूर्वीपेक्षाही दूर गेली. १९९१च्या 'इन्फिनिटी गाँटलेट'मध्ये तो निम्मं विश्व एका चुटकीत पुसतो, तरी ती ढुंकून बघत नाही. मग हा तिला जळवण्यासाठी दुसरी एक बाई तयार करतो. इतका हास्यास्पद, इतका ओळखीचा! शेवटी मोजा त्याच्या हातून जातो, आणि वॉरलॉक त्याला सुनावतो की तू दर वेळी हरायची फट स्वतःच ठेवतोस, कारण आपण या सत्तेच्या लायकीचे नाही हे तुला आतून माहीत आहे. गोष्ट संपते तेव्हा थॅनॉस एका आडबाजूच्या ग्रहावर शेती करत असतो.

सिनेमाने चुटकी घेतली, मोजा घेतला, शेतीही घेतली. बाई तेवढी गाळली. तिच्या जागी आला हिशेब: साधनं मर्यादित, तोंडं फार, म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्मे कमी करा, गरीब-श्रीमंत बघू नका. पटकथा म्हणून ही हुशार दुरुस्ती आहे हे मी मान्य करतो. झग्यातल्या बाईवर लट्टू झालेला राक्षस शंभर देशांतल्या प्रेक्षकांना समजावणं कठीण गेलं असतं. पण त्यामुळे झालं असं की आमच्यासारखे लोक चौकच्या टपरीवर उभे राहून त्याचं बरोबर आहे म्हणायला लागले. स्टार्लिनचा थॅनॉस वाचून असं कोणी म्हणणार नाही. तिथे मरणाऱ्यांचा आकडा कितीही मोठा असो, मारण्याचं कारण किती क्षुद्र आहे हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

स्टार्लिनने एकदा वाचकांच्या हातीही ही चुटकी दिली होती. १९८८मध्ये बॅटमनच्या 'अ डेथ इन द फॅमिली' या त्याने लिहिलेल्या कथेत रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगवायचा की मारायचा हे डीसीने फोनवर मतं घेऊन ठरवलं. दोन नंबर दिले होते, कॉलला पन्नास सेंट. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. जवळजवळ निम्मे-निम्मे, आणि ७२ मतांनी एक पोरगा मेला.

गाळलेल्या बाईकडे परत येतो, कारण ती मला नंतर अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटली. महाभारताच्या शांतिपर्वात. युद्ध संपलेलं आहे, युधिष्ठिर रणांगणावर पडलेल्या राजांची आठवण काढून भीष्मांना विचारतो की मृत्यू हा आहे कोण, आला कुठून. भीष्म त्याला एक जुनी गोष्ट सांगतात. ती नारदांनी मुलगा गमावलेल्या एका राजाला सांगितलेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही ती आहे, त्यामुळे मागाहून कोणी घुसवली असेल ही शंका फार घ्यायला नको.

ब्रह्मदेवाने प्रजा निर्माण केली, पण कोणी मरतच नव्हतं. तिन्ही लोक इतके भरले की श्वास घ्यायला जागा उरली नाही. ब्रह्मदेवाला राग आला, त्या रागाचा अग्नी झाला आणि सगळं जळायला लागलं. शंकराने येऊन विनवलं, तेव्हा त्याने आग आवरली. त्या आवरण्यातून एक स्त्री बाहेर पडली, काळ्या-तांबड्या वस्त्रातली. ब्रह्मदेवाने तिला मृत्यू म्हणून हाक मारली आणि सांगितलं, या सगळ्यांना संपव.

ती रडायला लागली. ब्रह्मदेवाने तिचे अश्रू ओंजळीत धरले. ती म्हणाली, लोकांची पोरं, भाऊ, आईबाप मी कसे मारू, त्यांच्या घरच्यांची आसवं मला जाळतील. ती तिथून निघाली आणि हे काम टळावं म्हणून तपाला बसली, एका पायावर, मोजता येणार नाहीत इतकी वर्षं. परत आली तरी उत्तर तेच. शेवटी ब्रह्मदेवाने तोड काढली: तुझे हे अश्रू रोग होतील, काम आणि क्रोध माणसांना शेवटाकडे नेतील, तुला पाप लागणार नाही.

स्टार्लिनने हे वाचून थॅनॉस रचला, असं मी म्हणत नाही. त्याची बाई ग्रीक आणि फ्रॉइडच्या वाटेने आली. पण गर्दी, पारडं, आणि मृत्यू म्हणजे बाई, हे तिन्ही इथे आहे आणि मांडणी नेमकी उलटी आहे. तिकडे मृत्यू गप्प आहे आणि मारायला दुसराच उतावीळ झाला आहे. इकडे मारायला सांगणारा सृष्टीचा मालक आहे, त्याची अडचणही खरी आहे, आणि नाही म्हणते ती मृत्यूच. आमच्या मित्राच्या प्रश्नाला तिने केव्हाच उत्तर देऊन ठेवलं होतं. तिने हिशेब खोडला नाही, ज्यांची माणसं जातील त्यांच्याबद्दल ती बोलली.

मी हे वाचलं ते २०२३च्या ऑगस्टमध्ये, आणि वाचायला घेण्याचं कारण कॉमिक्स नव्हतं.

१९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. दिवसभर पाऊस असा होता की कर्जतला आमच्या गल्लीतही पाणी होतं. सकाळी फोन उघडला तर सगळीकडे तेच नाव. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर नेता येत नव्हती, एनडीआरएफची माणसं चिखलातून चढून हातांनी उकरत होती. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. २३ जुलैला शोध थांबवला तोवर २७ मृतदेह सापडले होते. ५७ जण सापडलेच नाहीत, त्यांना बेपत्ता आणि मग मृत धरण्यात आलं. सव्वादोनशेच्या आसपास माणसांची वाडी. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, आणि त्यांचे आईबाप घरी होते.

निम्मे नाहीत, पण फार कमीही नाहीत. कोण त्या रात्री कुठे झोपलं होतं यावर सगळं ठरलं, सिनेमातल्यासारखंच, गरीब-श्रीमंत न बघता. नाही, हे चुकीचं लिहिलं. वाडीत श्रीमंत कोणी नव्हतंच.

पिठलं-भाकरी देणाऱ्या त्या बाई २७मधल्या, ५७मधल्या की उरलेल्यांतल्या, मला माहीत नाही. तीन वर्षं त्यांच्या ओसरीवर जेवलो, त्यांचं नाव कधी विचारलं नव्हतं. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, त्या आम्हाला पोरं म्हणायच्या. नाव नसेल तर यादीत शोधणार तरी काय? ग्रुपवर एकाने इरशाळगडाचा जुना फोटो टाकला, त्यात त्यांचा हात आणि भाकरीची टोपली आली आहे, चेहरा नाही.

त्याच महिन्यात स्टार्लिनचं 'द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल' वाचलं. १९८२चं, मार्व्हलने काढलेल्या ग्राफिक नॉव्हेल्समधलं पहिलं. माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं काम हेच, मण्यांच्या सगळ्या भानगडींपेक्षा कितीतरी वरचं. स्टार्लिनचे वडील तेव्हा नुकतेच कॅन्सरने गेले होते. कॅप्टन मार्व्हलने १९७४च्या एका अंकात फुटलेल्या विषारी वायूची नळकांडी बंद केली होती. आठ वर्षांनी त्याचा कॅन्सर निघतो, आणि तो त्याला स्वतःच्या विश्वभानाने कळतो. सगळं जाणवण्याची शक्ती दिली ना, मग घे, हेही जाणव.

पुस्तकात लढाई जवळपास नाही. शनीच्या टायटन या चंद्रावर एका खोलीत तो पलंगावर पडलेला आहे. जगातले सगळे हुशार महानायक औषध शोधायला बसतात आणि त्यांना ते सापडत नाही. एकेक जण भेटायला येतो, काय बोलावं कळत नाही, कोणी जुन्या आठवणी काढतं. स्पायडरमॅनला ते बघवत नाही, तो खोलीतून निघून जातो. ज्यांच्याशी तो जन्मभर लढला त्या स्क्रल लोकांचा एक सेनापती येतो आणि शत्रूला शौर्यपदक देऊन जातो. ज्याने सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर बाकावर रात्र काढली आहे त्याला यातलं एकही पान परकं वाटणार नाही. मला बदलापूरच्या आसपास पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघावं लागलं, तेही खिडकी मिळाली होती म्हणून.

शेवटी बेशुद्धीत त्याला थॅनॉस भेटतो, दोघं नेहमीसारखे लढतात, आणि मग लढणं थांबतं. ती बाई पुढे येते. एका पानापुरता तिचा चेहरा हाडांचा राहत नाही. तिघं मिळून उजेडाकडे चालत जातात. खोलीत कोणीतरी सांगतं, गेला. पुस्तक संपतं. मार्व्हलमध्ये मेलेले सगळेच परत येतात, वैतागायला होतं इतके. हा मार-व्हेल मात्र, अधूनमधून भूत किंवा तोतया म्हणून दिसला तरी, खऱ्या अर्थाने परत आणायला कोणी धजावलं नाही.

पैशांचंही सांगून टाकतो, कारण ते सांगितल्याशिवाय कॉमिक्सचा इतिहास पुरा होत नाही. ही सगळी पात्रं कंपनीची. पानामागे दर ठरलेला, निर्मिती कंपनीच्या नावावर. २०१७मध्ये स्टार्लिनने जाहीरपणे लिहिलं की 'बॅटमन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये केजीबीस्ट हे त्याचं फुटकळ पात्र नाव बदलून थोडा वेळ दिसलं, त्याचे डीसीकडून आलेले पैसे थॅनॉस, गॅमोरा आणि ड्रॅक्स या तिघांच्या सिनेमांच्या मिळून आलेल्या पैशांपेक्षा जास्त होते. पुढे मार्व्हलशी त्याची नव्याने बोलणी झाली. माझ्याही नेमणूकपत्रात कलम आहे की मी लिहीन ती प्रत्येक ओळ कंपनीची. सही करताना मी ते वाचलं नव्हतं. त्यानेही १९७३मध्ये फार वाचलं नसावं.

'एंडगेम' २०१९च्या एप्रिलमध्ये आला. चुटकीला पाच वर्षं झाली आहेत, मागे उरलेली काही माणसं एका खोलीत खुर्च्या मांडून गोल बसली आहेत, एकजण आपल्या पहिल्या डेटबद्दल बोलतो आहे, जेवताना समोरचा रडला म्हणून सांगतो आहे. त्या गोलात एक पांढऱ्या केसांचा म्हातारा बसला आहे. त्याच्याकडे कॅमेरा फार वेळ थांबत नाही. तो जिम स्टार्लिन आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो ओळखू आला नव्हता.

इरशाळवाडीतल्या उरलेल्यांना आधी कंटेनरमध्ये ठेवलं होतं, नंतर सिडकोने चौकजवळ पक्की घरं बांधली. पनवेलला जाताना मी तिथून जातो. तिथे जाऊन विचारता येईल, एका ठाकर मावशींबद्दल, ज्यांच्या ओसरीवर ट्रेकची पोरं जेवायची. अशा ओसऱ्या तिथे तीन-चार तरी होत्या. अजून गेलेलो नाही.